दूरच्या गुरूची ‘लीन’ शिकवण

नव्या उत्पादनाचा आराखडा मंजूर होतो. साच्यांची ऑर्डर जाते, डाय तयार होतात, पहिला नमुना चाचणीसाठी उभा राहतो आणि नेमका तिथेच नापास होतो. मग पुन्हा आराखडा, पुन्हा साचा, पुन्हा चाचणी. ठरलेली तारीख केव्हाच उलटून गेलेली असते, ग्राहकाचे फोन थांबत नाहीत आणि डिझाइन विभागातील मंडळी रात्री नऊपर्यंत थांबून तेच ड्रॉइंग तिसऱ्यांदा दुरुस्त करत असतात. चाकण असो, सातपूर असो वा शिरोली, कोणत्याही औद्योगिक वसाहतीत हे चित्र अनोळखी नाही. या फेऱ्यांना बहुतेक ठिकाणी ‘डेव्हलपमेंट’ असेच म्हटले जाते. त्यात काही वाया जात आहे, असे कोणाला वाटतही नाही.

ही वाया जाणारी मेहनत वाचवण्याची एक पद्धत गेल्या तीन दशकांत आकाराला आली. ‘लीन प्रॉडक्ट डेव्हलपमेंट’ हे तिचे नाव. तिचे मूळ जपानमधील टोयोटा कंपनीत आहे, तिचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला तो अमेरिकेत आणि आता तिची शिकवणी चालते ती संगणकाच्या पडद्यावरून. मिशिगनमध्ये बसलेला मार्गदर्शक पुण्यातील अभियंत्याला आठवड्यातून एकदा अर्धा तास भेटतो, त्याने आखलेला कागद पाहतो, चार प्रश्न विचारतो आणि पुढच्या आठवड्याची वेळ ठरवून निघून जातो. यात एक विसंगती आहे. ‘जागेवर जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा’ हा ज्या पद्धतीचा पहिला धडा, तीच पद्धत हजारो मैल दूर बसून शिकवायची कशी?

मराठीत ‘लीन’ म्हणजे नम्र. येथील ‘लीन’ मात्र इंग्रजीतला, अंगावर फाजील चरबी नसलेला. जॉन क्राफ्चिक या अभियंत्याने १९८८ मध्ये एका लेखात टोयोटाच्या उत्पादनपद्धतीसाठी हा शब्द वापरला. १९९० मध्ये वोमॅक, जोन्स आणि रूस यांच्या ‘द मशिन दॅट चेंज्ड द वर्ल्ड’ या पुस्तकामुळे तो जगभर पोहोचला. आपल्याकडे कारखान्याच्या फरशीवरचे लीन बऱ्यापैकी रुजले आहे. जागच्या जागी टांगलेली हत्यारे, जमिनीवर आखलेले पिवळे पट्टे, कानबानची कार्डे या गोष्टी मध्यम आकाराच्या कारखान्यातही दिसतात. केंद्राच्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग मंत्रालयाने २०२३ च्या मार्चमध्ये आपली लीन योजना नव्या स्वरूपात आणली आणि मार्गदर्शनाच्या खर्चाचा ९० टक्के भार उचलण्याची तयारी दाखवली. पण या साऱ्याचा रोख उत्पादनावर आहे. वस्तू बनवण्याआधी ती ठरवण्याचे, आखण्याचे आणि तपासण्याचे जे काम असते, त्याकडे लीनचा कंदील घेऊन फारसे कोणी गेलेले नाही.

याचे एक साधे कारण म्हणजे कारखान्यातील अपव्यय दिसतो. अर्धवट तयार मालाचे ढीग वाटेत येतात, पायाला अडखळतात. डिझाइन विभागातील ढीग संगणकाच्या फोल्डरमध्ये असतात. मंजुरीसाठी साहेबांच्या मेलमध्ये पडून राहिलेले ड्रॉइंग जागा अडवत नाही, त्याला गंजही चढत नाही. त्यामुळे ते तिथे तीन आठवडे पडून आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

डोनाल्ड रायनर्टसन या अमेरिकी तज्ज्ञाने आपल्या पुस्तकांतून या अदृश्य रांगांवर बोट ठेवले. रांगांचे गणित टेलिफोन खात्यातील अभियंत्यांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. कारखान्यांच्या डिझाइन विभागांना ते लावून पाहिले की डोळे उघडतात. चाचणी प्रयोगशाळा किंवा एखादा अनुभवी अभियंता ८० टक्के वेळ कामात गुंतलेला असेल आणि कामे अनियमितपणे येत असतील, तर सर्वांत साध्या सूत्रानुसार एका दिवसाचे काम हातावेगळे होण्यास सरासरी पाच दिवस लागतात. तोच माणूस ९० टक्के गुंतलेला असेल तर दहा दिवस आणि ९५ टक्के असेल तर वीस. माणूस रिकामा दिसू नये म्हणून त्याच्या टेबलावर आणखी एक प्रकल्प ठेवणारा व्यवस्थापक प्रत्यक्षात सगळेच प्रकल्प लांबवत असतो. ‘सगळे कामात आहेत, तरी काहीच पूर्ण होत नाही’ या तक्रारीचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

उशिरा निर्णय, लवकर गाडी

टोयोटाच्या डिझाइन विभागाचे कोडे पहिल्यांदा नीट उलगडले ते मिशिगन विद्यापीठातील अॅलन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९९५ मध्ये वॉर्ड, जेफ्री लायकर, ड्युरवर्ड सोबेक आणि जॉन क्रिस्तिआनो यांचा एक शोधलेख प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष बुचकळ्यात टाकणारा होता. टोयोटा निर्णय उशिरा घेते, वाजवीपेक्षा जास्त नमुने तपासते आणि तरीही तिची गाडी इतरांच्या आधी बाजारात येते.

हे कसे शक्य होते, ते समजण्यासाठी घरचे लग्न डोळ्यांसमोर आणावे. वरपक्षाने एक तारीख पक्की केली आणि मग कार्यालय शोधायला निघाले, तर कार्यालय त्या दिवशी भरलेले असते. तारीख बदलली तर आचारी नाही. आचारी मिळाला तर मामांची रजा नाही. प्रत्येक बदलागणिक सगळ्यांना पुन्हा फोन. याउलट दोन्ही घरे, कार्यालय आणि आचारी यांनी आपापल्या चालणाऱ्या सर्व तारखा समोर ठेवल्या, तर सर्वांना जुळणारे दोन-तीन मुहूर्त एका बैठकीत सापडतात. बहुतेक कंपन्या पहिल्या पद्धतीने वस्तू घडवतात. टोयोटा दुसऱ्या पद्धतीने चालते. प्रत्येक विभाग ‘हे असेच हवे’ न म्हणता ‘इथपासून इथपर्यंत जमेल’ असे सांगतो आणि जे जमत नाही ते पुराव्यानिशी गळत जाते.

‘प्रियस’ ही संकरित मोटार या रीतीनेच घडली. ताकेशी उचियामादा हे तिचे मुख्य अभियंता. त्यांच्या गटाने सुमारे ८० संकरित रचना विचारात घेतल्या, त्या गाळत दहावर आणि मग चारवर आणल्या, या चारांची संगणकावर कसून तुलना केली आणि अखेर एक निवडली. डिसेंबर १९९७ मध्ये गाडी जपानच्या बाजारात आली. उचियामादांना मुख्य अभियंतापदाचा पूर्वानुभव नव्हता. सर्व विषयांतील जाणकारांना एका मोठ्या खोलीत बसवून आणि माहिती भिंतींवर लावून त्यांनी ही उणीव भरून काढली. ही खोली म्हणजेच ‘ओबेया’. आज लीनच्या प्रत्येक अभ्यासक्रमात ओबेयाचा धडा असतो. तिचा जन्म एका माणसाच्या ‘मला सगळे कळत नाही’ या कबुलीतून झाला, हे मात्र फार थोडे शिक्षक सांगतात. मराठीतला ‘लीन’ इथे अगदीच अस्थानी ठरत नाही.

मुख्य अभियंता हे या पद्धतीचे दुसरे अंग. १९६६ च्या कोरोलाचे मुख्य अभियंता तात्सुओ हासेगावा पूर्वी विमानांचे आराखडे करत. विमान उद्योगात एकाच प्रमुख अभियंत्याच्या डोक्यात संपूर्ण विमान असते, तसे मोटारीचेही असावे, हा विचार त्या काळी टोयोटात रुजला. या माणसाच्या हाताखाली फौज नसते. ग्राहकाला काय हवे, याचे उत्तर देण्याची जबाबदारी मात्र त्याचीच असते. आपल्याकडील ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ तारखांचा हिशेब ठेवतो. वस्तूचा हिशेब कोणाकडे आहे, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी माणसे एकमेकांकडे पाहतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. वॉर्ड यांच्या मते डिझाइन विभागाचे खरे उत्पादन ड्रॉइंग नसून पुन्हा वापरता येणारे ज्ञान हे आहे. या विचारपरंपरेत राइट बंधूंचे उदाहरण आवर्जून दिले जाते. सॅम्युएल लँग्ली यांच्याकडे अमेरिकी युद्ध खात्याचे ५० हजार डॉलर होते. त्यांनी आधी विमान बांधले आणि मग उडवून पाहिले. १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा ८ डिसेंबरला ते पोटोमॅक नदीत कोसळले. डेटनचे सायकल दुकानदार राइट बंधू यांनी १९०१ मध्येच एक छोटा वातबोगदा बनवून पंखांचे सुमारे २०० लहान नमुने तपासले होते. कोणत्या आकाराला किती उचल मिळते, याचे तक्ते हाती आल्यावर त्यांनी विमान बांधले आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी ते उडाले. लँग्ली यांचा मार्ग ‘आधी घडवा, मग तपासा’ असा होता. राइट बंधूंनी हा क्रम उलटा केला.

वॉर्ड यांचे २००४ मध्ये विमान अपघातात निधन झाले. त्यांचे पुस्तक त्यांच्या पश्चात २००७ मध्ये आले. तोवर मायकेल केनेडी, जेम्स मॉर्गन आणि लायकर यांनीही या विषयावर पुस्तके लिहिली होती. वाचायला साहित्य भरपूर झाले, पण वाचून हे जमत नाही, ही अडचण कायम राहिली.

पुस्तकाबाहेरची विद्या

टोयोटात ही विद्या वर्गात शिकवली जात नसे. उत्पादनपद्धतीचे जनक ताईची ओनो शिकाऊ माणसाला खडूने काढलेल्या वर्तुळात उभे करत आणि समोर काय चालले आहे ते पाहत राहायला सांगत, ही कथा प्रसिद्ध आहे. डिझाइन विभागात वर्तुळाची जागा कागदाने घेतली. ए-थ्री आकाराच्या एकाच कागदावर प्रश्न, सद्यःस्थिती, कारणे, पर्याय आणि पुढचे पाऊल मांडायचे आणि वरिष्ठाकडे जायचे. वरिष्ठ उत्तर देत नाही. तो विचारतो, हे तुम्ही कोठे पाहिले? हा आकडा कोणी मोजला? कागद पाच-सहा वेळा परत येतो आणि प्रत्येक फेरीत माणूस थोडा अधिक नीट विचार करू लागतो. आपल्याकडील गायनाच्या तालमीत गुरू एकच जागा पन्नासदा घ्यायला लावतात, त्याच जातीचे हे शिक्षण आहे.

माइक रॉदर यांनी २००९ मधील ‘टोयोटा काता’ या पुस्तकात या तालमीला साधे रूप दिले. मार्गदर्शकाने दर भेटीत तेच प्रश्न विचारायचे. कोठे पोहोचायचे आहे? आज नेमके कोठे आहात? वाटेत कोणते अडथळे आहेत आणि त्यांपैकी कोणत्या एकावर सध्या काम चालू आहे? पुढचे पाऊल कोणते आणि त्यातून काय घडेल असे वाटते? त्यातून काय शिकलो, हे कधी जाऊन पाहता येईल? प्रश्न दिसायला बाळबोध आहेत. दहा आठवडे सलग कोणी ते विचारू लागले की त्यांची धार कळते.

इथेच दूरस्थ शिक्षणाचे बलस्थान आहे. पूर्वीचा रिवाज असा, की परदेशी सल्लागार यायचा, हॉटेलच्या सभागृहात तीन दिवसांची कार्यशाळा व्हायची, जाडजूड फाइल आणि प्रमाणपत्र मिळायचे. सोमवारी सगळे आपल्या जुन्या टेबलांवर. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते, की एका दमात पाठ केलेले लवकर विसरते आणि अंतर ठेवून पुन्हा पुन्हा केलेले टिकते. तीन दिवसांच्या कार्यशाळेतील अठरा तास सहा महिन्यांत अर्ध्या-अर्ध्या तासाने वाटले, तर छत्तीस भेटी होतात. प्रत्येक भेटीच्या मध्ये प्रत्यक्ष कामाचे काही दिवस मिळतात. विमानाने येणाऱ्या गुरूला हे परवडण्यासारखे नव्हते. पडद्यावरच्या गुरूला ते सहज जमते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि ज्यांना हा प्रकार हास्यास्पद वाटत होता, त्यांच्यापुढेही दुसरा मार्ग उरला नाही. भिंतीवरची ओबेया संगणकावरच्या फलकावर गेली. टाळेबंदी उठली तरी बरेच मार्गदर्शक परत विमानात बसले नाहीत. पुण्यातील संध्याकाळचे साडेसहा म्हणजे मिशिगनमधील उन्हाळ्यात सकाळचे नऊ. हिवाळ्यात तिथले घड्याळ एक तास मागे जाते आणि इथल्या अभियंत्याचे घरी जाणे तासाने लांबते.

ही शिकवणी प्रत्यक्षात कशी चालते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. समजा, कोल्हापूरजवळच्या वसाहतीत पंप बनवणारा एक कारखाना आहे. पंपाच्या आत फिरणाऱ्या चक्राची, म्हणजे इंपेलरची, पाती जितकी पातळ तितका पाण्याला वाव जास्त आणि विजेचा खर्च कमी. पण ओतकामात पाती फार पातळ ठेवली, तर रस टोकापर्यंत पोहोचण्याआधीच गोठतो आणि नग रिजेक्ट होतो. डिझाइनवाले पातळ पाती मागतात, फाउंड्रीवाले नाही म्हणतात आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याची जाडी ठरते. नव्या प्रत्येक पंपाला हे भांडण नव्याने होते.

दूरचा मार्गदर्शक येथे पाती किती जाड असावी ते सांगत नाही. त्याला बहुधा ते ठाऊकही नसते. तो विचारतो, किती जाडीला किती नग वाया जातात, याचा कागद आहे का? नसतो. मग पुढच्या आठवड्याचे पाऊल ठरते. तीन, चार, पाच आणि सहा मिलिमीटर जाडीचे थोडे-थोडे नग ओतायचे, किती बिघडले ते मोजायचे, चांगल्यांची कार्यक्षमता तपासायची. ओतण्याआधी आपला अंदाज लिहून ठेवायचा, ही अट मात्र कडक. अंदाज चुकतो आणि चुकला की शिकायला मिळते. काही आठवड्यांत जाडी, रिजेक्शन आणि कार्यक्षमता यांचा आलेख एका पानावर येतो. पुढचा पंप आखताना तो आलेख समोर ठेवला की भांडण पाच मिनिटांत मिटते. आलेख काढणारा अभियंता उद्या नोकरी सोडून गेला, तरी ज्ञान कारखान्यातच राहते. छोट्या उद्योगांसाठी हा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण तिथले निम्मे ज्ञान एखाद्या जुन्या फोरमनच्या डोक्यात असते आणि त्यांच्या निवृत्तीबरोबर ते घरी जाते.

पडद्याच्या मर्यादा

याचा अर्थ पडद्यावरून सगळे साधते असा नाही. वाळू हातात घेऊन दाबल्यावर तिच्यात ओल किती आहे ते कळते. कॅमेऱ्याला ते कळत नाही. मोबाइल हातात धरून कारखाना फिरवून दाखवणारा माणूस स्वाभाविकपणे नीटनेटका कोपरा दाखवतो. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असेल तर ड्रॉइंग पडद्यावर उघडताही येत नाही. म्हणून जाणते मार्गदर्शक सुरुवातीला निदान एकदा प्रत्यक्ष येण्याचा आग्रह धरतात आणि कारखान्यातीलच एकाला हळूहळू मार्गदर्शक म्हणून तयार करतात. ‘जागेवर जाऊन पाहणे’ हे काम मग शिष्याचे होते. कदाचित ते त्याचेच असायला हवे होते. गुरू फरशीवर हजर असला, की सगळे गुरूच्या डोळ्यांनी पाहू लागतात.

आपल्याकडची खरी अडचण तंत्राची नाही. बैठकीत साहेब असले की कनिष्ठ अभियंता बोलत नाही. पडद्यावर तर तो कॅमेरा आणि आवाज दोन्ही बंद करून बसतो. ‘अंदाज चुकला’ हे वाक्य वार्षिक मूल्यमापनाच्या तोंडावर उच्चारायला कोणी धजावत नाही. ज्या कारखान्याचे मालक स्वतः अशा शिकवणीला बसत नाहीत, एकही कागद स्वतः लिहीत नाहीत, तिथे ही योजना तिसऱ्या महिन्यात ‘कामाच्या गडबडीमुळे’ स्थगित होते. तासाचे डॉलरमधील शुल्कही छोट्या उद्योजकाला जड जाते. शिवाय दोन दिवसांत प्रमाणपत्र वाटणाऱ्यांची दुकाने पडद्यावर जास्तच फोफावली आहेत. अशा वेळी प्रमाणपत्राऐवजी तीन गोष्टी विचारलेल्या बऱ्या. शिकाऊ माणसाच्या स्वतःच्या चालू कामावर शिकवणी होणार का, मार्गदर्शकाने कधी स्वतः उत्पादन घडवले आहे का आणि अभ्यासक्रम संपल्यावर कारखान्यात शिकवू शकणारा माणूस मागे राहणार का.

एकत्र बसून वस्तू घडवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. २००२ मध्ये बाजारात आलेली महिंद्रची ‘स्कॉर्पिओ’ नाशिकमध्ये घडली ती विविध विभागांचे तरुण अभियंते एकत्र बसवून आणि पुरवठादारांना आरंभापासून आराखड्यात सामील करून. तिला लीन म्हणण्याची तेव्हा पद्धत नव्हती, इतकेच.

हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे तो सुट्या भागांच्या कारखान्यांसाठी. मोठ्या कंपनीने ड्रॉइंग द्यायचे आणि आपण त्याबरहुकूम भाग बनवून द्यायचा, यावर पिंपरी-चिंचवडपासून कोल्हापूरपर्यंत दोन पिढ्यांचा संसार झाला. विजेवरच्या गाडीला पिस्टन लागत नाही, सिलिंडर हेड लागत नाही, सायलेन्सर लागत नाही. हे भाग ओतणाऱ्या आणि घासणाऱ्या कारखान्यांना आता स्वतःचे असे काहीतरी आखावे लागेल. त्यांच्याकडे यंत्रे आहेत, कारागीर आहेत, ओतकामाचे मुरलेले कसब आहे. नाही तो डिझाइन विभाग, आणि चार फसलेल्या साच्यांचा खर्च सोसण्याइतके भांडवल. साचा बनवण्याआधी शिकण्याची सवय त्यांना इतरांपेक्षा जास्त निकडीची आहे. मोठ्या कंपन्यांचे अभियंते अमेरिकेत जाऊनही ही विद्या शिकू शकतात. शिरोलीच्या उद्योजकाला मात्र संध्याकाळी साडेसहाला सुरू होणारा तो अर्धा तासच परवडणार आहे.